लग्नानंतर नाव बदललं, आता प्लॉटच्या कागदांचं काय? नागपुरातल्या मालकिणींसाठी मार्गदर्शक

माझ्या मोठ्या बहिणीने नोकरीच्या तिसऱ्या वर्षी स्वतःच्या पैशातून हुडकेश्वर भागात प्लॉट घेतला. पुढे दोन वर्षांनी लग्न झालं. मधलं नाव बदललं, आडनाव बदललं, आधार आणि पॅन नव्या नावाने आले आणि प्लॉटचा विषय मागे पडला. बारा वर्षांनी तो विकायला काढला, तेव्हा घेणाऱ्याच्या बँकेच्या वकिलाने सर्च रिपोर्टमध्ये, म्हणजे मालकीच्या तपासणीच्या अहवालात, एक ओळ लिहिली: रजिस्ट्रीतली खरेदीदार आणि आज विकणारी स्त्री एकच असल्याचा पुरावा जोडलेला नाही. इसार घेऊन झालेला, रजिस्ट्रीची मुदत जवळ आलेली, आणि लग्नाची नोंदणी कधी केलेलीच नव्हती. त्या दीड महिन्यात आम्ही दोघी जे शिकलो ते इथे लिहिते आहे. तुमच्यावर घाईची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी.

आधी हे पक्कं समजून घ्या: नाव बदललं, मालकी नाही

लग्नाने तुमचं नाव बदलू शकतं, पण तुमची जागा कोणाकडून कोणाकडे जात नाही. म्हणून हे हस्तांतरण नव्हे. नवी रजिस्ट्री करायची नसते आणि जागेच्या किमतीवर मुद्रांक शुल्क भरायचं नसतं. "मॅडम, नव्या नावाने पुन्हा रजिस्ट्री करून घेऊ" असं कोणी सुचवलं, तर तिथून उठा. तुम्हीच तुम्हाला जागा विकू शकत नाही.

जुनी रजिस्ट्री आहे तशीच राहते. तिच्यात खाडाखोड होत नाही, आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण इंडेक्स टू म्हणतो तो कागद, त्यावरही लग्नापूर्वीचंच नाव कायम राहतं. तो त्या दिवशी झालेल्या व्यवहाराचा दस्त आहे आणि त्या दिवशी तुमचं नाव तेच होतं. चूक दुरुस्ती लेख नावाचा दस्त असतो खरा, पण तो दस्तात चूक झाली असेल तर. तुमच्या दस्तात काही चुकलेलं नाही.

बदलतात त्या पुढच्या नोंदी: आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), सातबारा, नागपूर सुधार प्रन्यासची नोंद, सोसायटीचं भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), महापालिकेची घरटॅक्सची नोंद. या नोंदी आजच्या आहेत, त्यावर आजचं नाव असावं.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. तुम्ही नाव बदललेलं नसेल, आधारवर माहेरचंच नाव असेल, तर या लेखातलं काहीही करायची गरज नाही. राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये आईचं नाव शासकीय कागदांवर लावण्याचा निर्णय काढला, त्यातच विवाहित स्त्रीला मालमत्तेच्या दस्तऐवजात लग्नापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभा दिली आहे. तेव्हा "लग्न झालं ना, मग नवऱ्याचं नाव लावूनच अर्ज आणा" असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. अडचण येते ती ओळखपत्रावर एक नाव आणि जागेवर दुसरं नाव असलं की.

तुमची जागा कोणत्या दप्तरात आहे?

पुण्या-मुंबईसाठी लिहिलेली माहिती वाचून नागपुरात फिरलं की गोंधळ होतो. १९५६ पर्यंत आपण आधी मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात होतो. इथले शब्द वेगळे आहेत. बाकी महाराष्ट्र ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ती आपली आखीव पत्रिका. तलाठ्याला आपण पटवारी म्हणतो, आता त्या पदाचं सरकारी नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. गट नंबरऐवजी आपल्या कागदांवर खसरा नंबर दिसतो.

म्हणून पहिलं काम घरातच. रजिस्ट्री काढा आणि शेवटचं परिशिष्ट वाचा, जिथे मिळकतीचं वर्णन आणि चतुःसीमा असते. तिथे मौजा, प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर, खसरा नंबर, शीट नंबर, नगर भूमापन (सिटी सर्व्हे) क्रमांक, प्लॉट नंबर, महापालिकेचा घर क्रमांक यांपैकी काय काय लिहिलं आहे ते एका कागदावर उतरवून घ्या. पुढच्या प्रत्येक खिडकीवर हाच कागद लागेल.

मग आजचा उतारा काढा. सातबारा आणि मालमत्ता पत्रक (म्हणजे आपली आखीव पत्रिका) दोन्ही राज्याच्या महाभूमी संकेतस्थळावर डिजिटल सहीसह मिळतात. तो हातात आला की एकच गोष्ट बघा: त्यावर तुमचं नाव आहे का?

नागपुरातल्या पुष्कळ मालकिणींना धक्का बसतो तो इथेच. नाव नसतंच. प्लॉट सहकारी संस्थेच्या लेआउटमधला असेल तर सातबाऱ्यावर अजून संस्थेचं, कधी मूळ शेतकऱ्याचंही नाव असतं. फ्लॅट असेल तर आखीव पत्रिकेवर जमीनमालक किंवा बिल्डर दिसतो, फ्लॅटधारक सहसा नसतातच. असं असेल तर महसुली दप्तरात तुमचं नाव बदलण्याचा प्रश्नच येत नाही, कारण बदलायला नाव नाही. प्लॉटच्या बाबतीत आधी खरेदीच्या आधारे नाव चढवून घ्यावं लागेल. तो अर्ज करताना रजिस्ट्रीसोबत विवाहाचा पुरावाही जोडा आणि दोन्ही कामांची मागणी एकाच अर्जात स्पष्ट लिहा.

दोन नावं जोडणारा कागद

सगळ्या कामाचा जीव या एका कागदात आहे. जुनं नाव आणि नवं नाव एकाच कागदावर, सरकारी शिक्क्याखाली दिसलं पाहिजे. बहिणीचं अडलं ते नेमकं इथे.

पहिला मान विवाह नोंदणी प्रमाणपत्राचा. महाराष्ट्रात ही नोंदणी १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखाली होते, शहरात महापालिकेच्या झोन कार्यालयात. लग्नाला दहा-पंधरा वर्षं झाली असली तरी नोंदणी होते, उशिराचा दंड भरावा लागतो इतकंच. लग्नपत्रिका, फोटो, दोघांचे वयाचे व राहण्याचे पुरावे, साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची माहिती, ही तयारी ठेवा. पत्रिका हरवली असेल तर नातेवाइकांकडे शोधा. आमची पत्रिका आत्याच्या ट्रंकेत सापडली. अर्जात वधूचं लग्नापूर्वीचं नाव लिहिताना रजिस्ट्री समोर ठेवून, तिच्यावर आहे तसंच अक्षर न् अक्षर लिहा.

आता महत्त्वाचा फाटा. लग्नात फक्त मधलं नाव आणि आडनाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्राने बहुतेक ठिकाणी भागतं. पण आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीने वधूचं नवं नाव लिहिण्याची रीत आहे, आणि कित्येक घरांत ते नाव पुढे खरंच वापरात येतं. रजिस्ट्रीवर 'वर्षा' आणि आधारवर 'वृंदा' असेल, तर "वर्षाचं लग्न झालं" एवढं सांगणारं प्रमाणपत्र "वर्षा म्हणजेच वृंदा" हे सांगत नाही. अशा वेळी राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो, आणि महाराष्ट्र शासन राजपत्रात जुनं व नवं नाव शेजारीशेजारी छापून येतं. पाठवण्याआधी मजकूर घरातल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. छापून आल्यावरची चूक फार त्रास देते.

यांच्या जोडीला प्रतिज्ञापत्र. त्यात साधं लिहायचं: माझं लग्नापूर्वीचं नाव हे, लग्नाची तारीख ही, लग्नानंतरचं नाव हे, दोन्ही नावं माझीच, आणि अमुक मिळकत माझ्या मालकीची असून लग्नामुळे तिचं कोणतंही हस्तांतरण झालेलं नाही. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क राज्याने २००४ मध्येच माफ केलं आहे. ते साध्या कागदावर चालतं. तरीही कार्यालयाबाहेरच्या टेबलावर सरसकट स्टॅम्प पेपर हातात दिला जातो. सोसायटी किंवा बँकेसाठीच्या प्रतिज्ञापत्राची गोष्ट वेगळी, तिथे मुद्रांक लागतो आणि ऑक्टोबर २०२४ पासून तो १०० ऐवजी ५०० रुपयांचा झाला आहे.

अक्षरं जुळवून घ्या

जागेच्या नोंदी मराठीत, ओळखपत्रं इंग्रजीत, असा दुहेरी कारभार आहे. आधारवर इंग्रजी नावाबरोबर मराठी नावही छापलेलं असतं आणि ते कोणी तपासत नाही. आपल्या विदर्भात तर एकाच आडनावाची दोन-दोन रूपं चालतात. वानखेडे आणि वानखडे, ढोमणे आणि ढोमने. बोलताना फरक पडत नाही, दप्तरात पडतो. म्हणून आधी आधार, मग पॅन, मग बँक, आणि सगळ्यांवर एकसारखं नाव आल्यावरच जागेच्या नोंदीकडे वळा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे मराठी आणि इंग्रजी दोन्ही रूपं ठरवूनच केंद्रावर जा. बदल करण्याआधी जुन्या नावाच्या आधार आणि पॅनची चांगली रंगीत प्रत काढून ठेवा. ती फेकू नका. जुन्या नावाचा, फोटो असलेला तोच तुमच्याकडचा पुरावा.

आखीव पत्रिका असेल तर

अर्ज नगर भूमापन कार्यालयात द्यायचा. नागपूरचं काम एकापेक्षा जास्त नगर भूमापन अधिकाऱ्यांत वाटलेलं आहे, तेव्हा तुमचा मौजा कोणाकडे येतो हे आधी विचारा, नाहीतर अर्धा दिवस चुकीच्या रांगेत जातो. अर्ज असा लिहिता येईल:

प्रति, मा. नगर भूमापन अधिकारी, नागपूर.
विषय: विवाहामुळे नावात झालेल्या बदलाची आखीव पत्रिकेवर नोंद घेण्याबाबत.
महोदय/महोदया, मौजा ____, शीट क्र. ____, नगर भूमापन क्र. ____, क्षेत्र ____ चौ.मी. ही मिळकत दि. ____ रोजीच्या नोंदणीकृत खरेदीखतान्वये (दस्त क्र. ____) माझ्या मालकीची असून आखीव पत्रिकेवर माझे नाव ____ असे दाखल आहे. माझा विवाह दि. ____ रोजी झाला. विवाहानंतर माझे नाव ____ असे झाले आहे. दोन्ही नावे माझीच आहेत. सदर मिळकतीचे कोणतेही हस्तांतरण झालेले नाही व माझा हक्क आणि हिस्सा पूर्वीप्रमाणेच आहे. तरी धारक म्हणून माझ्या नवीन नावाची नोंद घ्यावी व फेरफाराच्या मजकुरात माझे पूर्वीचे नाव नमूद करावे, ही विनंती.

शेवटचं वाक्य गाळू नका. फेरफार म्हणजे दप्तरातल्या नोंदीत झालेल्या बदलाची नोंद. वीस वर्षांनी कोणी ही पत्रिका बघेल, तेव्हा जुन्या नावाच्या रजिस्ट्रीपासून नव्या नावापर्यंत कसं यायचं हे त्याला फेरफारातूनच कळणार आहे.

सोबत आजची आखीव पत्रिका, रजिस्ट्री व इंडेक्स टूची प्रत, विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र, प्रतिज्ञापत्र, आधार-पॅन (जुन्या नावाच्या प्रतींसह) जोडा. मूळ कागद दाखवायला न्या, देऊन मात्र येऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

पुढचं काम परिरक्षण भूमापकाकडे, म्हणजे या नोंदी अद्ययावत ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, जातं. कागद तपासले जातात, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते आणि मग अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली तर परत येते, म्हणून आजचा पत्ता आणि मोबाईल नंबर अर्जात ठळक लिहा.

जाण्याची वेळ सांभाळा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्समधले रस्ते बंद असतात आणि महसूलची माणसं बंदोबस्ताच्या व्यवस्थेत अडकलेली असतात. त्या दिवसांत हे काम काढू नका.

सातबारा असेल तर

शेती किंवा शहराबाहेरचा, नगर भूमापन न झालेला प्लॉट असेल तर अर्ज पटवाऱ्याकडे. तो नोंदवहीत फेरफार घेतो, संबंधितांना नोटिसा जातात, पंधरा दिवस हरकतींसाठी थांबतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ व १५० मधली ही रीत आहे. पटवाऱ्याने लगेच लेखी पोच द्यायची, हेही कलम १४९ मध्येच लिहिलं आहे. फेरफाराची नोटीस राज्याच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येते. तिथे तुमच्या नावाचं स्पेलिंग, म्हणजे वेलांट्या-उकारांसकट सगळं, लगेच तपासा. प्रमाणित होण्याआधी चूक सांगणं सोपं असतं.

कोणी कलम १५५ खाली अर्ज करा म्हणेल. ते कलम लेखनप्रमादासाठी आहे. पटवाऱ्याने तुमचं नाव चुकीचं लिहिलं असतं तर ते लागू झालं असतं.

माहेरच्या शेतीत हिस्सा असलेल्या बहिणींना इथे थांबवून काही सांगायचं आहे. वडिलांच्या पश्चात वारस म्हणून तुमचं नाव चढलं असेल, सोबत भाऊ असतील, आणि तुम्हाला फक्त आडनाव बदलायचं असेल, तर भावांची संमती लागत नाही. त्यांना नोटीस जाईल, कारण ते सहधारक आहेत. पण नाव तुमचं आहे आणि ते बदलल्याने कोणाचा हिस्सा कमी-जास्त होत नाही. मी पाहिलेली गोष्ट सांगते. एका ओळखीच्या ताईला "नाव बदलायचंच आहे तर एकदमच सगळे कागद करून टाकू" म्हणून घरच्यांनी बोलावलं आणि सह्यांच्या गठ्ठ्यात हक्कसोडपत्र होतं. रजिस्ट्री ऑफिसात नेलं तेव्हा तिच्या लक्षात आलं. हक्कसोडपत्र हा नोंदणी करावा लागणारा दस्त आहे, त्याने तुमचा हिस्सा जातो. नाव बदलण्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावंच लागत नाही. कोणी तिकडे नेत असेल तर गाडीत बसण्याआधी कागद वाचायला मागा. द्यायचा असेल तर हिस्सा खुशाल द्या, पण तो समजून, वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदाने.

सासरीही हेच सांभाळा. नाव बदलायच्या अर्जात "सोबत मिस्टरांचंही नाव टाकून घेऊ" असं सहज म्हटलं जातं. नवऱ्याचं नाव धारक म्हणून लावणं म्हणजे मालकीत वाटेकरी घेणं. त्याला बक्षीसपत्रासारखा नोंदणीकृत दस्त लागतो, साध्या अर्जावर ते होत नाही आणि होऊही देऊ नये. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ नुसार हिंदू स्त्रीची मालमत्ता ही पूर्णपणे तिची असते. तुमच्या नव्या नावात पतीचं नाव मधे येतं म्हणून तो मालक ठरत नाही.

नागपूर सुधार प्रन्यास, नझूल, म्हाडा

प्रन्यासचे काही प्लॉट भाडेपट्ट्यावरचे आहेत, आणि अनेक लेआउटमधले प्लॉट २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली डिमांड भरून नियमित झालेले, ज्यांचं आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, आपण जिवापाड जपतो. दोन्हींत काम प्रन्यासच्या कार्यालयात. अर्जाच्या विषयात 'नामांतरण' किंवा 'हस्तांतरण' न लिहिता 'विवाहामुळे नावात बदल' असंच लिहा, कारण फाइल हस्तांतरणाच्या वाटेने गेली की शुल्क आणि कागदांची मागणी दोन्ही बदलतात. आरएल मिळायचं बाकी असेल तर अर्ज चालू असतानाच नवं नाव कळवा, पत्र हाती पडल्यावर नको.

नझूलच्या, म्हणजे शहरातल्या सरकारी जागेचा भाडेपट्टा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नझूल शाखेत असतो, तेव्हा तिथे आणि आखीव पत्रिकेवर अशी दोन्हीकडे नोंद करून घ्या. म्हाडाचा गाळा असेल तर अर्ज नागपूर मंडळाकडे.

फ्लॅटवाल्यांसाठी

तुमची इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट, हे बघा. नागपुरात १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या स्कीम भरपूर आहेत, आणि रहिवासी तिलाही 'सोसायटी'च म्हणतात. संस्था असेल तर सचिवांना अर्ज द्या, भागपत्रावर आणि सभासद नोंदवहीत नवं नाव लिहून घ्या. हे हस्तांतरण नाही, म्हणून हस्तांतरणाचा अधिमूल्याचा आकार (ट्रान्सफर प्रीमियम) लागू होत नाही. कमिटीने मागितला तर नम्रपणे पण लेखी नकार द्या. अपार्टमेंट असेल तर असोसिएशनच्या नोंदवहीत नाव बदलून पत्र घ्या.

याच फेरीत नामनिर्देशन तपासा. लग्नाआधी फ्लॅट घेताना बहुतेक जणी वडिलांचं नाव देतात आणि विसरतात. ते कोणाचं असावं हा तुमचा निर्णय, पण तो आजचा असू द्या.

कर्ज चालू असेल तर

मूळ रजिस्ट्री बँकेकडे असते. शाखेला नावबदलाचं पत्र आणि विवाह प्रमाणपत्र देऊन कर्जखात्यावरचं नाव बदलून घ्या, नाहीतर कर्ज फिटल्यावर मिळणाऱ्या नादेय प्रमाणपत्रावर एक नाव आणि तुमच्या आधारवर दुसरं, असा नवा घोळ होतो. नगर भूमापन कार्यालयात मूळ रजिस्ट्री मागितली तर ती बँकेकडे असल्याचं बँकेचं पत्र आणि नोंदणी कार्यालयातून काढलेली प्रमाणित नक्कल दाखवा.

घरटॅक्स, वीज, पाणी

हे सोपं आहे. महापालिकेचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आसीनगर, मंगळवारी. टॅक्सच्या डिमांडवर झोन आणि इंडेक्स नंबर छापलेला असतो. आधी थकबाकी भरा, मग अर्ज द्या. महावितरणचं बिल आणि पाण्याचं बिल त्यानंतर.

पण क्रम उलटा करू नका. पुष्कळ जणी टॅक्सच्या पावतीवर नाव बदललं की काम झालं असं धरतात. टॅक्स पावती म्हणजे कर कोणी भरायचा याची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे.

काम अडलं तर

तोंडी "होत नाही" ऐकून परत येऊ नका. कशामुळे होत नाही ते लेखी मागा. कागद कमी असेल तर कोणता, हे लिहून मिळालं की निम्मं काम होतं. मुदतीत काहीच हाललं नाही तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांसाठी त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे अपील करता येतं. सेवा आणि मुदतींची यादी कार्यालयात लावलेली असायला हवी. सातबाऱ्याची नोंद मंडळ अधिकाऱ्याने नामंजूर केली तर महसूल अधिनियमाच्या कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, साठ दिवसांच्या आत. हे दिवस मोजायला लागा, "बघू पुढच्या महिन्यात" यात ते निघून जातात.

आणि विक्री तोंडावर आली असेल तर

बहिणीसारखी घाई असेल आणि फेरफाराला वेळ नसेल, तरी रस्ता आहे. विक्रीच्या दस्तात विकणारीचं नाव आजच्या आधारप्रमाणे लिहायचं आणि लगेच पुढे "लग्नापूर्वीचे नाव ____" असं घालायचं. मालकी कशी आली हे सांगणाऱ्या परिच्छेदात जुन्या नावाने झालेली खरेदी, दस्त क्रमांक, लग्नाची तारीख, विवाह प्रमाणपत्राचा क्रमांक हे सगळं ओळीने येऊ द्यायचं आणि प्रमाणपत्राची प्रत दस्ताला जोडायची. आमचं काम असंच पार पडलं. आधी उशिराची विवाह नोंदणी, मग प्रतिज्ञापत्र, मग वकिलाचा सुधारित रिपोर्ट. घेणाऱ्यांनी मुदत वाढवून दिली, हा त्यांचा चांगुलपणा. सगळेच देत नाहीत.

जुन्या नावाने कोणाला मुखत्यारपत्र दिलेलं असेल तर तेही याच वेळी बाहेर काढून बघा. गरज नसेल तर रद्द करा.

घटस्फोटानंतर पुन्हा माहेरचं नाव घेणाऱ्यांसाठी वाट हीच, फक्त जोडणारा कागद न्यायालयाचा हुकूमनामा. त्याची प्रमाणित प्रत आणि नावासाठी राजपत्र, दोन्ही ठेवा.

नवी आखीव पत्रिका किंवा सातबारा हाती आला की घरी येऊन रजिस्ट्री, विवाह प्रमाणपत्र आणि आधार शेजारी मांडा. नाव, क्षेत्र, हिस्सा, खसरा किंवा नगर भूमापन क्रमांक, एकेक रकाना बोट ठेवून वाचा. क्षेत्र किंवा हिश्श्यात काही फरक दिसला तर त्याच आठवड्यात परत जा. सगळं जुळलं तर या चारही कागदांच्या प्रती आणि फेरफाराची नक्कल एका फाइलमध्ये लावा, वर जुनं आणि नवं दोन्ही नावं लिहा, आणि फाइल कुठे ठेवली ते मुलांना सांगून ठेवा.